क्लास लावू की नको? आधी सांग, जूनमध्ये तू कुठं असशील?

पत्र थोडक्यात: वय 27, पहिलंच बाळंतपण, सव्विसावा आठवडा चालू. माहेर महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात, सासर कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या जंगलपट्टीच्या गावात. नवरा बेळगावला उद्यमबागेत फाउंड्रीत शिफ्टला जातो. डॉक्टरांनी जूनच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख दिली आहे. टिळकवाडीत बाळंतपणाच्या तयारीचा एक क्लास आहे, आठ शनिवार, फी साडेसहा हजार. सासूबाई म्हणतात, "आम्ही काय क्लास लावून बाळंत झालो काय गे?" जाऊबाईंनी मागल्या वर्षी पुण्याचा ऑनलाइन क्लास केला, शेवटी सिझरच झालं, म्हणून त्यांच्या मते पैसे पाण्यात. नवरा म्हणतो, तुला पाहिजे तर लाव. वाचक लिहितात: "लावला नाही आणि काही बिघडलं तर जन्मभर टोचत राहील. लावला आणि सिझर झालं तर घरात सगळे हसतील. रीतीप्रमाणे बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तेही अजून नक्की नाही. मला कन्नड येत नाही, त्याची वेगळीच भीती. रात्री झोप लागत नाही म्हणून मोबाइलवर बाळंतपणाचे व्हिडिओ बघत बसते. मावशी, काय करू?"

मावशी म्हणालीस, म्हणून तुला 'तू'च म्हणते.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. क्लासवर तू दीड पान लिहिलंस आणि बाळंतपण नेमकं कुठं व्हायचं यावर एक ओळ. मला ते उलट दिसतं. जूनचा शेवटचा आठवडा, खानापूरची जंगलपट्टी किंवा चंदगड, म्हणजे दोन्हीकडे धो धो पाऊस. तुमच्याकडच्या ओढ्यांना एका रात्रीत किती पाणी चढतं हे मी तुला सांगायला नको. अशा रात्री श्वासाचे आठ प्रकार पाठ असले तरी रस्ता बंद असेल तर काय उपयोग? म्हणून क्लासचा प्रश्न मी थोडा वेळ बाजूला ठेवते. लगेच परत येऊ त्याच्याकडे.

आधी सासूबाईंचं बोलणं घेऊ. त्या खोटं बोलत नाहीत, अर्धंच सांगतात. त्यांचाही क्लास झाला होता, फक्त फी नव्हती. घरात आत्या, काकू, थोरल्या जावा. कुणी ना कुणी बाळंतीण असायचीच. शेजारणीच्या कळा भिंतीपलीकडून ऐकू यायच्या. गोठ्यात म्हैस विताना कंदील धरून रात्र काढलेली पोर स्वतः बाळंत व्हायच्या आधी निम्मं शिकलेली असायची. उरलेलं सुईण सांगायची. तू चौकोनी घरात वाढलीस, नर्सिंग होमच्या बंद दारामागचं काही बघितलं नाहीस. तुला क्लास हवासा वाटतो यात नाजूकपणा कुठला आला?

पण त्यांचं शिक्षण घरातल्या बाळंतपणासाठी होतं आणि तुझं व्हायचंय दवाखान्यात. 2005-06 मध्ये देशातली शंभरातली जेमतेम 39 बाळंतपणं दवाखान्यात होत होती, 2019-21 मध्ये जवळपास 89. बरंच झालं ते. 2004-06 मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे 254 माता दगावत होत्या, 2018-20 पर्यंत तो आकडा 97 वर आला. "आमच्या वेळी सगळं घरीच व्हायचं" असं कौतुकानं सांगताना, त्या वेळी उठून न बसलेल्या बायकांची नावं कुणी घेत नाही. सासूबाईंना ही नावं माहीत असतील. एखाद्या दुपारी त्यांच्याजवळ बसून विचार, तुमच्या वेळी काय काय झालं होतं? वाद घालू नकोस, नुसतं विचार आणि ऐक. त्यांच्याकडून बरंच कळेल, आणि नंतर त्यांचा विरोधही थोडा मऊ पडेल असा माझा अंदाज आहे.

आता जाऊबाई. क्लास केला तरी सिझर झालं म्हणजे क्लास फुकट, या हिशोबात एक गृहीत लपलंय, की क्लास म्हणजे नॉर्मलची हमी. अशी हमी कुणी देत असेल तर तिथून उठून ये. बाळ आडवं असतं, वार खाली असते, बाळाचे ठोके पडतात, कळा असूनही गर्भपिशवीचं तोंड पुढं उघडत नाही. यातलं काहीही श्वासाच्या व्यायामानं सुटत नाही. काही सिझर टाळता येण्यासारखी असतात हेही खरं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सरकारी दवाखान्यांत शंभरातली सुमारे 14 बाळंतपणं सिझरची होती, खासगीत 47. हा फरक काही बायकांच्या क्लास लावण्या-न लावण्यानं पडलेला नाही. त्यामुळे सिझर झालं तर तू नापास आणि नॉर्मल झालं तर पास, असं कुणी म्हणायला लागलं तर त्यांना हा आकडा सांग. जाऊबाईंनाही सांग. वर्षभर त्या स्वतःलाच नापास समजत असतील तर तेवढंच त्यांना बरं वाटेल.

मी तीस वर्षं लेबर रूममध्ये काढली. क्लास करून आलेल्या आणि न केलेल्या, दोन्ही पाहिल्या. नुसत्या क्लासनं सिझर कमी होतं असं अभ्यासांतूनही ठाम दिसत नाही. ज्याचा फायदा स्पष्ट दिसतो ती गोष्ट दुसरीच आहे: बाळंत होताना बाईजवळ सतत कुणीतरी हक्काचं माणूस असणं. 2017 मध्ये 17 देशांतल्या 26 अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला होता, पंधरा हजारांवर बायकांचा. जवळ सतत आधार असलेल्या बायकांची बाळंतपणं आपसूक होण्याचं प्रमाण जास्त, सिझर कमी, कळांचा काळ थोडा आखूड, आणि "फार वाईट अनुभव होता" म्हणणाऱ्याही कमी. म्हणून माझा तुला पहिला प्रश्न: तुझ्याजवळ कोण असणार?

'आई' असं पटकन म्हणू नकोस. काही आया लेकीची पहिली कळ बघूनच रडायला लागतात. मग सिस्टरला दोघींना सांभाळावं लागतं. तुझी आई तशी असेल तर तिच्याकडे बाळंतपणानंतरची कामं सोपव आणि आत दुसरं कुणी ने. मावशी, थोरली बहीण, अगदी जाऊबाईसुद्धा. तिनं हे सगळं गेल्याच वर्षी भोगलंय, तिला कळतं. सरकारी दवाखान्यात बाळंतिणीजवळ एक नातेवाईक बाई थांबू द्यावी अशी केंद्राच्या आरोग्य खात्याची सूचना 2016 पासून आहे, आणि लेबर रूम सुधारायच्या 2017 च्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही ती आहे. प्रत्यक्षात कुठं थांबू देतात, कुठं दारातूनच परत पाठवतात. खासगीतही प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. नवऱ्याला आत घेतात का, हे तर विचारल्याशिवाय कळतच नाही. तेव्हा पुढच्या तपासणीला जाशील तेव्हा हे विचार, आणि उत्तर तुझ्या सोबतिणीच्या समोर घे.

आणि आता कन्नड. तुझ्या पत्रातली ही भीती मला सगळ्यांत खरी वाटली.

एका रात्रीची गोष्ट सांगते. खेड्यातली पहिलटकरीण होती, मराठी सोडून एक शब्द येत नव्हता. ड्युटीवरची सिस्टर विजापूरकडची, मनानं फार चांगली, पण आवाज असा की दोन वॉर्डांत ऐकू जावा. ती पोरीला सांगत होती, "उसिरु बिडु, उसिरु बिडु!" म्हणजे श्वास सोड. पोरीला वाटलं, आपल्याला शिव्या देतेय. तिनं श्वास आणखीच कोंडून धरला, अंग आखडलं, रडायलाच लागली. मी हातातलं काम टाकून गेले आणि सांगितलं, अगं बाई, ती तुला फुंकर घाल म्हणतेय. पोर कळ चालू असतानाच हसली. पुढं सगळं नीट झालं.

बेळगावात मराठी समजणाऱ्या सिस्टर पुष्कळ आहेत. पण रात्री दोनला कुणाची शिफ्ट असेल ते तुझ्या हातात नाही. आणि भाषेचा आपला जो जुना वाद आहे तो बाहेर चौकात ठीक. पलंगावर पडल्यावर तुला कळायला पाहिजे की समोरची काय सांगतेय. त्याला चार-सहा शब्द पुरतात. उसिरु तगो म्हणजे श्वास घे, उसिरु बिडु म्हणजे सोड. नोवु म्हणजे दुखणं, बेने म्हणजे आपल्या वेणा. नीरु म्हणजे पाणी, रक्त ते रक्तच. मगु म्हणजे बाळ, बाणंती म्हणजे बाळंतीण. एळु म्हणजे ऊठ, मलगु म्हणजे आडवी हो, तुमच्याकडे मलको म्हणतील. जोर लाव, हे तिथं कसं म्हणतात ते सिस्टरलाच विचारून घे. तुझ्या नवऱ्याला फाउंड्रीत राहून कन्नड येतच असणार. रोज रात्री जेवताना दोन शब्द म्हणवून घे. माझ्या मते हा तुझ्या क्लासचा पहिला धडा, आणि तो टिळकवाडीत शिकवत नसतील.

माहेर की सासर, हे 32 आठवड्यांपर्यंत नक्की कर, म्हणजे एप्रिल संपेपर्यंत. दोन्ही घरी बसून एकच प्रश्न विचारायचा: रात्री दोन वाजता, पाऊस कोसळत असताना, सिझर करू शकणाऱ्या दवाखान्यात पोचायला किती वेळ लागेल? तिथं रक्ताची सोय आहे का? ज्या घराचं उत्तर बरं, ते घर. रीत त्यानंतर. दोन्हींकडे उत्तर वाईट असेल तर तिसरा रस्ता धर. मेच्या शेवटी किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात, 37 आठवडे भरायच्या सुमारास, बेळगावात किंवा खानापुरात कुणा नातेवाइकाकडे येऊन राहा. दिलेल्या तारखेलाच येणारी बाळं मोजकीच असतात, 37 ते 42 मध्ये केव्हाही येतात. क्लासचे साडेसहा हजार महिन्याच्या भाड्याच्या खोलीत गेले तरी मी त्याला बाळंतपणाची तयारीच म्हणेन.

माहेरी जाणार असशील तर हद्द ओलांडून जाणार आहेस हे ध्यानात ठेव. कर्नाटकातलं तायी कार्ड (गरोदर बाईच्या नोंदींचं सरकारी कार्ड), रक्तगट, हिमोग्लोबिन, एचआयव्ही आणि काविळीची तपासणी, साखर, सगळ्या सोनोग्राफी, हे कागद एका पिशवीत आणि त्यांचे फोटो दोघांच्या फोनमध्ये. तिकडच्या आरोग्य केंद्रात सातव्या महिन्यातच आशाताईंना भेटून नाव नोंदव. कळा सुरू झाल्यावर नवीन दवाखान्यात पहिल्यांदा पाऊल टाकणं टाळ. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण मोफत आहे, सिझर धरून, औषधं आणि जेवणासकट. 2011 पासून हे दोन्ही राज्यांत लागू आहे. 108 ची गाडीही दोन्हीकडे आहे. फोन लागला की आधी राज्य, जिल्हा, तालुका, मग गाव सांगायचं. सरहद्दीवरच्या माणसानं ही सवय लावूनच घ्यावी.

तू आत्ता 26 आठवड्यांत आहेस, म्हणजे साखरेच्या तपासणीची हीच वेळ. 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात. केली नसशील तर याच आठवड्यात कर. हिमोग्लोबिन 11 च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या चुकवू नकोस, आणि चहाबरोबर तर घेऊच नकोस. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, डॉक्टर बघतात. तिथं एकदा सासूबाईंना घेऊन जा. त्यांनी स्वतःच्या कानानं बाळाचे ठोके ऐकू देत.

आता ये क्लासकडे.

आपल्याकडे 'बाळंतपणाचा क्लास' या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक गर्भसंस्कार: श्लोक, गाणी, आहार, चांगले विचार. दुसरा गरोदरपणातली योगासनं. तिसरी खरी तयारी: कळा म्हणजे काय, कोणत्या टप्प्यात काय होतं, वेदना कमी करायचे मार्ग कोणते, सिझर केव्हा लागतं, बाळाला छातीला कसं धरायचं. यातलं काय मिळणार आहे ते पैसे भरायच्या आधी विचार. गर्भसंस्काराला माझा विरोध नाही. पोटातल्या बाळाला आता आवाज ऐकू येतात, त्याला तुझं गाणं ऐकव, छानच आहे. पण "आई चिडली तर बाळ चिडकं होतं" असली शिकवण ऐकलीस तर कान बंद कर. सव्विसाव्या आठवड्यात, मार्चच्या उन्हात, गावच्या बसमध्ये उभी राहून प्रवास करणारी बाई चिडणारच.

क्लासच्या बाईंना फोन करून एवढं विचार: सोबतीला येणाऱ्या बाईला वर्गात बसू देता का? सिझरबद्दल बोलता का, की नुसतं नॉर्मल नॉर्मल? बाहुली घेऊन दूध पाजायचं प्रत्यक्ष शिकवता का? मराठीत शिकवता का? तुम्ही कोण, नर्स, डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, की स्वतः कोर्स करून आलेल्या? उत्तरं बरी वाटली तर लाव क्लास. आठ शनिवार मेपर्यंत संपतील, पावसाच्या आत. जी तुझ्याजवळ थांबणार आहे तिला निदान दोन शनिवार घेऊन जा, वेगळी फी पडली तरी. आणि हसणारे हसू देत. उत्तरं गुळमुळीत आली तर पैसे ठेव जूनसाठी. जिथं बाळंत होणार त्या दवाखान्यातच विचार, पुष्कळ ठिकाणी गरोदर बायकांना एखाद्या सकाळी समजावून सांगतात, लेबर रूमही दाखवतात. तो एक तास मला आठ शनिवारांपेक्षा मोलाचा वाटतो. ती खोली, तो उंच पलंग, तो वास एकदा बघितलेला असला की निम्मी धास्ती जाते.

क्लास न लावता घरी काय करशील? श्वासाचं फार अवघड नाही. बशीत ओतलेल्या गरम चहावर आपण हळू फुंकर घालतो ना, तशी लांब, न घाईची फुंकर, खांदे सैल सोडून. नाकातून घ्यायचा, तोंडातून सोडायचा, सोडायला जास्त वेळ. रोज झोपताना दहा वेळा. कळ आली की एवढंच आठवतं, बाकीचं सगळं विसरतात, मी पाहिलंय. सोबतिणीनं शिकायचं ते कंबर दाबणं. माकडहाडाच्या वर तळहाताची टाच रोवून, कळ असेपर्यंत जोरानं दाबून धरायचं. कळा चालू असताना सपाट पडून राहू नकोस. डॉक्टरांनी मना केलं नसेल तर चाल, पलंगाला धरून पुढं वाक, कुशीवर हो.

पहिलटकरणीला वेळ लागतो. गर्भपिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यावर जोराचा टप्पा धरतात आणि पहिल्या खेपेला तो बहुतेक वेळा बारा तासांच्या आत संपतो. त्याआधीच्या बारीक कळा कितीही तास रेंगाळतात. म्हणून शहरातल्या बाईला सांगतात, एका कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंत पाच मिनिटं, प्रत्येक कळ मिनिटभर, असं तासभर चाललं की नीघ. तू गावात असशील तर तेवढी थांबू नकोस, दहा मिनिटांवर आल्या की गाडी काढ. आणि काही गोष्टींत कळांची वाटच बघायची नाही: अंगावर रक्त जाणं, पाणी जाणं, डोकं भयंकर दुखणं, डोळ्यांपुढं अंधारी, तोंड सुजणं, ताप, झटके. बाळाची हालचाल कमी वाटली तर डाव्या कुशीवर पडून मोज. दोन तासांत दहा भरल्या नाहीत तर नीघ, मग ती रात्र असो की दुपार.

बाळ झाल्यावरचं दोन ओळींत. पहिल्या तासात छातीला लावायचं, चिकाचं पिवळं दूध टाकून द्यायचं नाही, मध आणि गुटी नाही. हे तुझ्या आईला आणि सासूबाईंना आत्ताच सांगून ठेव. त्या दिवशी सांगायचं त्राण तुला नसतं, आणि मधाचं बोट घेऊन कुणीतरी तयारच असतं.

राहिले व्हिडिओ. तुझ्या झोपेचं खोबरं त्यांनीच केलंय. ज्या बाळंतपणात काही झालं नाही त्याचा व्हिडिओ कुणी टाकत नाही, आणि टाकला तरी कुणी बघत नाही. रात्री जेवण झालं की फोन नवऱ्याकडे दे. 28 वा आठवडा लागला की कुशीवर झोपायची सवय कर, गुडघ्यांमध्ये उशी. झोप आली नाही तर त्याला उठव आणि कालचे दोन शब्द म्हणून दाखव. डोहाळजेवणाला मला बोलवायचं म्हणालीस. येईन. कुंदा मी आणते, पण आधी तुझ्या साखरेचा रिपोर्ट कळव.